तबकडी आणि भावगीत : एचएमव्हीच्या मुंबईतील ध्वनिमुद्रणाचा मागोवा

भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत निवर्तले. किर्लोस्कर मंडळीच्या 'सौभद्रा'त सुभद्रेच्या भूमिकेने ज्यांनी मराठी प्रेक्षकाला वेड लावले, त्या भावड्यांचा आवाज कसा होता याविषयी आठवणी, आख्यायिका आणि विशेषणे भरपूर उपलब्ध आहेत. आवाज मात्र नाही. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि गौहरजान यांच्या गायनाची मुद्रणे झाली. दीड-पावणेदोन वर्षांचे हे अंतर. मराठी संगीताच्या इतिहासात ते एखाद्या दरीसारखे आहे. दरीच्या अलीकडचे सारे ऐकीव आणि पलीकडचे सारे, निदान तत्त्वतः, ऐकण्याजोगे.

'तत्त्वतः' असे म्हणण्याचे कारण उघड आहे. यंत्र आले म्हणून सारेच त्याच्यापुढे बसले असे झाले नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, परंतु त्यांनी आपले गाणे यंत्राच्या स्वाधीन केले नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचीही तबकडी नाही. उलट अब्दुल करीमखाँनी १९०५ च्या सुमारास आणि मग आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत जी ध्वनिमुद्रणे दिली, त्यांच्या बळावर किराणा गायकीची एक श्राव्य परंपराच उभी राहिली. कोणाचे गाणे पुढच्या पिढीच्या कानी पडावे हे कलावंताच्या थोरवीवर जेवढे अवलंबून होते, तेवढेच त्याच्या स्वभावावर, त्याच्या शंकांवर आणि कंपनीच्या गणितावरही होते. ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहिताना ही गोष्ट आरंभीच मान्य करून ठेवलेली बरी, कारण एरवी तबकड्यांची यादी म्हणजेच संगीताचा इतिहास असा भ्रम होण्याचा संभव असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र शास्त्रीय संगीत हा नाही. निदान मुख्यत्वे नाही. 'हिज मास्टर्स व्हॉइस' हे नाव धारण करणाऱ्या, आणि सामान्य माणसाच्या तोंडी 'कुत्रा छाप' म्हणून रूढ झालेल्या, ग्रामोफोन कंपनीच्या मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहात मराठी कवितेचे काय झाले, हा प्रश्न येथे आहे. मराठी समीक्षेने तो क्वचितच गंभीरपणे विचारला. भावगीत हा शब्द समीक्षकांच्या लेखनात बहुधा किंचित ओठ मुरडूनच येतो. वस्तुतः १९३० नंतरच्या अर्धशतकात मराठी घरांत जी कविता प्रत्यक्ष वावरली, स्वयंपाकघरात गुणगुणली गेली, स्नेहसंमेलनांत म्हटली गेली, तिच्यापैकी फार मोठा भाग पुस्तकाच्या पानावरून नव्हे, तर तबकडीच्या खाचेतून आलेला होता.

आरंभीच्या मुद्रणांची पद्धत आज चमत्कारिक वाटेल. कंपनीचे मुद्रक फिरतीवर येत, हॉटेलात किंवा भाड्याच्या दालनात यंत्र मांडीत आणि काम आटोपून निघून जात. विजेचा त्या मुद्रणाशी काही संबंध नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून शक्य तितक्या जोराने गावयाचे, त्या आवाजाने पडदा हलावयाचा, पडद्याने सुई हलावयाची आणि सुईने फिरत्या मेणावर नागमोडी रेघ ओढावयाची. साथीची वाद्ये मागे, आणि तीही मोजकी. तबल्याची नाजूक अक्षरे या रेघेत उतरत नसत. गाणे संपताच गायक किंवा गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत असे, कारण ते ऐकूनच पुढे कारखान्यात ध्वनिमुद्रिकेची ओळख पटावयाची. या यंत्राला पल्लेदार, खणखणीत, रंगभूमीवर तयार झालेले आवाज मानवत. साहजिकच पहिल्या पाव शतकातील मराठी ध्वनिमुद्रिकांत नाटकातील पदे, लावण्या, भजने आणि बैठकीच्या चिजा यांचे राज्य आहे. पुण्याच्या बाई सुंदराबाई यांच्यासारख्या गायिकांचे नाव या ध्वनिमुद्रिकांमुळे दूरवर पोचले.

नाट्यपदाच्या बाबतीत एक मौजेची गोष्ट घडली. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात बालगंधर्वांचे एखादे पद 'वन्स मोअर'च्या गजरात वाढत वाढत जाई. थिरकवाँची साथ, कादरबक्षांची सारंगी आणि दाद देणारे प्रेक्षागृह यांच्या संगतीने ते पद प्रत्येक प्रयोगाला निराळे रूप घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जागा होती सुमारे तीन मिनिटांची. तेथे पदाला शिस्त लागली. पसरट आलापी गेली, निवडक हरकती राहिल्या. ज्या पिढीने गंधर्वांना रंगमंचावर पाहिलेच नाही, तिने या तीन मिनिटांच्या पदालाच मूळ पद मानले आणि पुढे गायक मंडळी त्या तबकडीतील जागा जशाच्या तशा घेऊ लागली. मूळ गाणे सैल होते, त्याची छबी घट्ट होती, आणि परंपरा छबीची चालली.

१९२५ च्या सुमारास विद्युत्-मुद्रण आले आणि कर्ण्याच्या जागी ध्वनिग्राहक, म्हणजे आपला मायक्रोफोन, आला. संगीताच्या इतिहासकारांनी या घटनेची नोंद तांत्रिक सुधारणा म्हणून केली आहे. मराठी साहित्याच्या दृष्टीने ती त्याहून मोठी आहे. ध्वनिग्राहकासमोर ओरडावे लागत नाही. कुजबुजीच्या जवळचा, एकाच श्रोत्याला उद्देशून काढलेला आवाजही त्याला ऐकू येतो. रंगभूमीचा गायक पिटातल्या शेवटच्या माणसासाठी गात असे. ध्वनिग्राहकासमोरचा गायक शेजारी बसलेल्या माणसासाठी गाऊ लागला. ज्या कवितेत 'मी' आहे, जिचे बोलणे खासगी आहे, ती कविता गाण्यासाठी असाच आवाज हवा होता. भावगीताचा गळा यंत्राने घडविला असे म्हणणे धाडसाचे होईल, पण यंत्राने त्याला वाट करून दिली यात शंका नाही.

अर्थात कविता वाट पाहत होतीच. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची लाट महाराष्ट्रभर नेली होती. माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे कवी आपल्या कविता सभांतून चालीवर म्हणत आणि श्रोते त्यासाठी गर्दी करीत. तिकडे ग्वाल्हेरीस भा. रा. तांबे रागदारीच्या संस्कारात वाढलेली, गाण्याचा ताल अंगात भिनलेली कविता लिहीत होते. कविता कानाने ऐकावयाची वस्तू आहे ही जाणीव समाजात पुन्हा जागी झालेली होती. काव्यगायन आणि गायन यांच्यामध्ये मात्र एक पायरी होती. कवी चालीवर म्हणे, गात नसे. ती पायरी विदर्भातल्या दोन तरुणांनी ओलांडली.

ना. घ. देशपांडे आणि गोविंद नारायण जोशी यांचे जन्मवर्ष एकच, १९०९. दोघांनीही कायद्याचे शिक्षण घेतले. ना. घ. मेहकरला वकिली करीत राहिले. जोशी गाण्याकडे वळले. ना. घं.ची 'शीळ' ही कविता जोशींनी स्वतःच्या चालीवर गायिली आणि एचएमव्हीने १९३२ च्या सुमारास तिची ध्वनिमुद्रिका काढली. मराठीतील पहिले ध्वनिमुद्रित भावगीत म्हणून तिचा उल्लेख केला जातो. 'पहिले' या शब्दाभोवती नेहमीच वाद असतात आणि त्यांत शिरण्याचे कारण नाही. पहिले असो वा नसो, त्या गाण्याने एक नवा प्रकार लोकांच्या तोंडी बसविला एवढे निश्चित. त्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट सुरू केला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नाट्यपदाच्या साम्राज्याला एकाच वेळी दोन बाजूंनी तडे गेले.

'शीळ'चा विचार करताना एक गोष्ट सहसा सुटून जाते. या कवितेतील बोलणारी व्यक्ती स्त्री आहे. रानातल्या प्रियकराच्या शिळेने अस्वस्थ झालेल्या खेडवळ तरुणीचे हे उद्गार एका सुशिक्षित पुरुषाने गायिले आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. बालगंधर्वांची सुभद्रा आणि रुक्मिणी डोळ्यांसमोर असलेल्या समाजाला ते वावगे वाटण्याचे कारणच नव्हते. भावगीत नाट्यपदाला बाजूस सारून आले असे म्हणतात. येताना त्याने नाट्यपदाचा हा वारसा मात्र मुकाट्याने बरोबर आणला. पुढे काही वर्षांतच स्त्रियांचे आवाज तबकडीवर आले आणि ही गरज उरली नाही. गंगूबाई हनगल यांची आरंभीची ध्वनिमुद्रणे 'गांधारी' या नावाने निघाली, त्यांत जोशींबरोबर गायिलेली मराठी द्वंद्वगीतेही होती. पुढे ज्यांच्या स्वराला मर्दानी धार आली, त्या गंगूबाईंचा या गीतांतील कोवळा, उंच पट्टीचा आवाज ऐकणाऱ्याला आजही चकित करतो.

आणखी एक तपशील. 'शीळ' हा ना. घं.चा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला १९५४ मध्ये. म्हणजे कविता तबकडीवरून घरोघर गेली त्यानंतर दोन तपांच्या आसपास ती पुस्तकात आली. मुद्रणाच्या युगात कविता आधी छापली जाते आणि मग म्हटली जाते, असा आपला समज असतो. येथे क्रम उलटा झाला. लोकांना गाणे पाठ होते, कवीचे पुस्तक नव्हते. आणि पुष्कळांना कवीचे नावही ठाऊक नव्हते, कारण तबकडीच्या चिठ्ठीवर गायकाचे नाव ठळक असे, कवीचे असेलच अशी शाश्वती नव्हती. ओव्या आणि लावण्या अनामिक होत गेल्या त्यासाठी शतके लागली. तबकडीने तेच काम काही महिन्यांत केले.

१९३८ मध्ये जी. एन. जोशी एचएमव्हीच्या मुंबई शाखेत अधिकारी म्हणून रुजू झाले आणि मग कित्येक वर्षे मुंबईतील ध्वनिमुद्रणाची सूत्रे त्यांच्या हाती राहिली. गायक स्वतःच निवड करणाऱ्याच्या खुर्चीत बसला. या काळाच्या आठवणी त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात सांगितल्या आहेत. १९८४ मध्ये त्याचा इंग्रजी अवतारही निघाला. कलावंतांचे लहरी स्वभाव, त्यांच्या मिनतवाऱ्या, ऐन वेळचे रुसवे यांनी हे पुस्तक भरलेले आहे. ते वाचताना असे जाणवते की ध्वनिमुद्रण अधिकाऱ्याचे निम्मे काम कानाचे आणि निम्मे मनधरणीचे होते. केसरबाई केरकरांसारख्या गायिकेने आपले गाणे यंत्राला अतिशय हात राखून दिले. त्यांच्या मोजक्या मुद्रणांपैकी एक भैरवी १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानाबरोबर अंतराळात गेली, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

मेणाच्या दिवसांतील मुद्रण कसे होत असे हे समजून घेतल्याखेरीज भावगीताची घडण नीट कळावयाची नाही. जाडजूड मेणाची तबकडी आधी ऊब देऊन मऊ केली जाई. लाल दिवा लागला की गावयास सुरुवात. एकदा सुई मेणावर टेकली की थांबणे नाही, दुरुस्ती नाही. वादकाचा ठेका चुकला, गायकाला ठसका लागला, की ती तबकडी बाद. आणि झालेले मुद्रण तत्काळ ऐकून पाहण्याची सोय नव्हती, कारण मेणावर सुई फिरविली की ती रेघच खराब होई आणि त्या तबकडीपासून साचा काढता येत नसे. मेणाची ही मूळ प्रत कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात जाई, तेथे तिच्यावर धातूचा थर चढवून साचा तयार होई, आणि मग लाखेच्या मिश्रणातून ध्वनिमुद्रिका दाबून निघत. मुंबईत गायिलेले मराठी गाणे बंगालमार्गे परत आल्यावरच गायकाला ऐकावयास मिळे. आपला आवाज आपल्यालाच परका वाटावा यापेक्षा अधिक सोय ती कोणती?

अशा परिस्थितीत गाणे आधी घटवून, मोजून, घड्याळ लावून पक्के करावे लागे. या मोजमापाचा परिणाम कवितेवर झाला. तीन मिनिटांत ध्रुवपद आणि दोन किंवा तीन कडवी मावतात, तीही मधल्या वाद्यसंगीताला कात्री लावल्यास. पाच-सात कडव्यांची कविता असेल तर कोणती ठेवावयाची हे चालकार ठरवी. पुष्कळदा यामुळे कवितेचा कल बदले. कवीने शेवटच्या कडव्यात घेतलेले वळण गळून गेले की उरलेले गीत केवळ आर्जवाचे किंवा केवळ विरहाचे होऊन बसे. ज्यांना छापील कविता आणि गायिलेले गीत शेजारी ठेवून पाहावयाची सवय आहे त्यांना अशी उदाहरणे जागोजाग सापडतील; विद्यार्थ्यांनी हा उद्योग करून पाहण्यासारखा आहे.

हळूहळू कवींनी हे माप आपलेसे केले. अक्षरगणवृत्तांची सद्दी रविकिरण मंडळाच्या काळातच ओसरू लागली होती. आता आठ-आठ मात्रांची आवर्तने, आखूड ओळी, पहिल्याच ओळीत सारे चित्र, आणि ओळीच्या अखेरीस 'आ'कार किंवा 'ई'कारासारखा लांबविता येणारा स्वर, अशी गीताची एक बांधणी रूढ झाली. जोडाक्षरे मागे पडली. ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर परतणार असल्यामुळे प्रत्येक कडव्याचा शेवट त्याला जुळेल असा लिहिणे आले. ग. दि. माडगूळकर यांच्याइतके या कसबावरचे प्रभुत्व दुसऱ्या कोणाला क्वचितच लाभले असेल. कवी आणि गीतकार हे दोन निराळे प्राणी आहेत असा एक समज याच काळात समीक्षेत मूळ धरू लागला आणि माडगूळकरांना त्याचा जाच बराच झाला. आज त्यांचे लेखन वाचताना तो समज उथळ होता असेच म्हणावे लागते. संतांच्या अभंगालाही टाळ-मृदंगाचे माप होते.

गजानन वाटवे यांच्यापाशी या इतिहासाचे आणखी एक अंग दिसते. वाटवे केवळ ध्वनिमुद्रिकांचे गायक नव्हते. पेटी घेऊन गावोगाव भावगीतांचे जाहीर कार्यक्रम करणारे गायक होते, आणि गणेशोत्सवातील त्यांच्या गायनाला रस्ते भरून माणसे बसत. ध्वनिमुद्रिका आणि कार्यक्रम एकमेकांना पोसत. ज्याच्या घरी फोनो नव्हता त्याला चौकातल्या मेळाव्यात, किंवा इराण्याच्या हॉटेलात, गाणे ऐकावयास मिळे. चहाच्या एका कपावर कितीतरी वेळ बसून गाणी ऐकणाऱ्या तरुणांनी मराठी कवितेच्या प्रसाराला हातभार लावला आहे. त्याची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही.

एचएमव्ही एकटीच होती असेही नाही. तिच्याच घरातली 'ट्विन' ही स्वस्त छाप होती, 'ओडियन' होती, 'कोलंबिया' होती, आणि १९३५ पासून मुंबईतच 'यंग इंडिया' या स्वदेशी नावाने ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी होती. ती १९५० च्या दशकाच्या मध्यास बंद पडली. बोलपटांची गाणी चित्रपटसंस्थांच्या स्वतःच्या ध्वनिशाळांत मुद्रित होत. त्यामुळे एचएमव्हीच्या मुंबईतील मुद्रणगृहाला चित्रपटबाह्य गीताचे माहेरघर हे रूप आपोआप आले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले ते नभोवाणीमुळे. बा. वि. केसकर १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ बंदी आली. त्या निर्णयाची चेष्टा पुष्कळ झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले हेही खरे. परंतु चित्रपटगीताने रिकामी केलेली जागा भरण्यासाठी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताची निर्मिती सुरू झाली आणि मराठी भावगीताला त्याचा मोठा लाभ झाला. आता गाणे आधी आकाशवाणीवर होई, लोकांना आवडले की एचएमव्ही त्याची ध्वनिमुद्रिका काढी. यंत्राच्या दाराशी कवितेची परीक्षा पूर्वी कंपनीचा अधिकारी घेत असे. आता श्रोता घेऊ लागला.

'गीतरामायण' हे या नव्या व्यवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण होय. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या या मालेत ५६ गीते वर्षभर प्रसारित झाली. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली. प्रसारणात पात्रांनुसार निरनिराळे गायक होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशी मंडळी त्यांत होती. पुढे एचएमव्हीने 'गीतरामायणा'च्या दीर्घ ध्वनिमुद्रिकांचा संच काढला तो मात्र एकट्या फडके यांच्या आवाजात. व्यवहाराच्या दृष्टीने हे सोपे होते, आणि फडके यांच्या शब्दोच्चाराला तोड नव्हती. तरीही काहीतरी हरवले. मुळात ते श्राव्य नाट्य होते; कौसल्या, सीता, शूर्पणखा आपापल्या गळ्याने बोलत होत्या. ध्वनिमुद्रिकेत ते एका कथेकऱ्याचे आख्यान झाले. पुढच्या पिढ्यांना 'गीतरामायण' म्हणून जे परिचित आहे ते हे आख्यान. बालगंधर्वांच्या पदाच्या बाबतीत घडले तेच येथे पुन्हा घडले.

१९५० नंतर मेणाची जागा फितीने घेतली होती. चुकलेली ओळ पुन्हा गाता येऊ लागली, तुकडे जोडता येऊ लागले. १९५९ च्या सुमारास दमदमला दीर्घ ध्वनिमुद्रिका तयार होऊ लागल्या आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची ऐसपैस जागा मिळाली. जोशींनी या जागेचा उपयोग मुख्यतः शास्त्रीय संगीतासाठी केला. अमीरखाँ यांचा मारवा आणि दरबारी, बडे गुलाम अलीखाँ यांचे गायन, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा या तिघा तरुणांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका, ही त्यांची कामगिरी संगीतप्रेमी विसरणार नाहीत. 'शीळ' गाणारा वकील तरुण आणि ही ध्वनिमुद्रिका योजणारा अधिकारी एकच, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते.

भावगीताने नव्या जागेचा लाभ उशिरा घेतला. ते साडेतीन मिनिटांतच सुखी होते. श्रीनिवास खळे, यशवंत देव, वसंत प्रभू, हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींचा हा काळ. मंगेश पाडगांवकरांचे शब्द, खळ्यांची चाल आणि इंदूरहून आलेल्या अरुण दाते यांचा मखमली आवाज यांतून १९६२-६३ मध्ये जे शुक्रताऱ्याचे गीत आले, ते ध्वनिग्राहकाच्या कलेचा परमोच्च बिंदू मानावयास हरकत नाही. दाते यांचा आवाज नाट्यगृह भरणारा नव्हता. कर्ण्याच्या यंत्राने त्याला नाकारलेच असते. त्याउलट शाहीर साबळे यांचा पहाडी आवाज कोणत्याही यंत्राला पुरून उरला असता. राजा बढे यांचे त्यांनी गायिलेले महाराष्ट्रगीत, ज्याची चालही खळ्यांचीच, २०२३ मध्ये राज्यगीत झाले.

वसंत प्रभू आणि पी. सावळाराम या जोडीविषयी समीक्षक मौन पाळतात. ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषविलेले, 'जनकवी' म्हणविले गेलेले सावळाराम मध्यमवर्गीय स्त्रीच्या सुखदुःखाला शब्द देत होते. सासरी निघालेली मुलगी, वाट पाहणारी आई, देव्हारा, तुळस हे त्यांचे विश्व. त्यात भाबडेपणा आहे. पण ज्या स्त्रियांच्या हाती कवितेचे पुस्तक येण्याची शक्यता नव्हती त्यांना मराठी भाषेने दिलेले ते जवळचे शब्द होते, आणि भाबडेपणाचा आरोप करणाऱ्याने आधी या वाचकवर्गासाठी आपण काय लिहिले हे सांगावे. याच प्रभूंनी भा. रा. तांबे यांच्या कवितांना चाली दिल्या आणि लता मंगेशकरांनी त्या गायिल्या. तांबे १९४१ मध्ये वारले होते. ज्यांनी आयुष्यभर गाता येईल अशी कविता लिहिली, त्यांच्या कानी ती गाणी पडली नाहीत.

या तबकडीत काय मावले नाही, हेही पाहावयास हवे. बा. सी. मर्ढेकर नभोवाणीच्या नोकरीत होते. ध्वनिग्राहक त्यांच्या रोजच्या परिचयाचा होता. तरीही १९४७ च्या 'काही कविता'तला त्यांचा तुटक, उपरोधिक, यंत्रयुगाने भेदरलेला स्वर भावगीताच्या बांधणीत बसणारा नव्हता, आणि कोणी तो फारसा बसविलाही नाही. मराठी कवितेचे येथून दोन प्रवाह झाले. एक गायिला जाणारा आणि एक वाचला जाणारा. दोहोंमधली ये-जा अगदीच थांबली नाही. आरती प्रभू आणि ग्रेस यांच्यासारखे दुर्बोध मानले गेलेले कवी हृदयनाथांच्या चालींतून सामान्य श्रोत्यापर्यंत पोचले, आणि ज्या ओळींचा अर्थ लावताना प्राध्यापक अडखळत त्या रिक्षावाले गुणगुणू लागले. परंतु एकंदर विभागणी राहिली. दुसऱ्या बाजूला वामनदादा कर्डकांची गाणी तबकडीची वाट न पाहता गायनपार्ट्यांतून आणि जयंतीच्या मांडवांतून वस्तीवस्तीत गेली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांमुळे पुढे या परंपरेला कंपन्यांनी दार उघडले, तेही बाजार दिसल्यावर. भावगीत ज्या दिवाणखान्यात वाजत होते त्याची दारे किती जणांना उघडी होती, हा प्रश्न ध्वनिमुद्रिकांच्या सूच्या चाळताना सारखा समोर येतो.

शेवटचा अध्याय थोडक्यात सांगण्याजोगा आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या भारतात १९७० च्या आसपास बंद झाल्या. मग ध्वनिफिती आल्या. त्या काढावयास दमदमसारखा कारखाना लागत नव्हता. पुण्यात अलूरकरांसारखे जाणकार विक्रेते स्वतःच प्रकाशक झाले, पु. ल. देशपांडे यांची कथाकथने घराघरांत गेली आणि एचएमव्हीची मक्तेदारी संपली. १९८० च्या दशकाच्या मध्यास कंपनी आरपीजी समूहाकडे गेली. जुन्या तबकड्या मोडीत निघाल्या, आणि त्या वेचून जपण्याचे काम हौशी संग्राहकांनी अंगावर घेतले. १९९० मध्ये मुंबईत त्यांची संस्था स्थापन झाली. मराठी ध्वनिमुद्रिकांच्या सूच्या, गायकांच्या नोंदी, चिठ्ठ्यांवरून गळालेल्या कवींच्या नावांचा शोध, हे सारे प्रामुख्याने या संग्राहकांचे ऋण आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हे काम करावयास हवे होते.

ना. घ. देशपांडे यांना 'खूणगाठी' या संग्रहासाठी १९८६ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तोवर 'शीळ' गायिली गेल्याला अर्धशतक उलटून गेले होते. जी. एन. जोशी १९९४ मध्ये वारले. ना. घ. १० मे २००० रोजी मेहकरला गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीने आपले जुने नाव टाकून 'सारेगामा' हे नाव घेतले.